अंतराळात पाय कुठे रोवायचा?



घट्ट बसलेला नळ सोडवायचा असेल तर आपण काय करतो? दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभे राहतो, मनगटात जोर आणतो आणि नळ पिळतो. नळ फिरतो तो हातांमुळे, एवढेच आपल्या मनात येते. त्या कामात पायांचाही तेवढाच वाटा असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते पाहायचे असेल तर कचेरीत असते तशी एखादी फिरती खुर्ची मिळवा. तिच्यावर बसा, दोन्ही पाय वर उचलून घ्या आणि समोरच्या टेबलाची कड धरून टेबल बाजूला ढकलू पाहा. टेबल जागचे हलणार नाही. तुम्हीच खुर्चीसकट उलट दिशेला फिराल!

प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शाळेत शिकलाच आहात. जमिनीवर ही प्रतिक्रिया आपल्या पायांतून, घर्षणाच्या मदतीने, पृथ्वीत उतरते. पृथ्वी इतकी अवजड आहे की तिच्यावर त्याचा काहीही परिणाम दिसत नाही. पण ज्याच्या पायाखाली जमीनच नाही, त्याने नळ कसा पिळायचा?

यानाबाहेर पडून काम करणाऱ्या अंतराळवीरापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो. आणि तो सोडवायला माणसाला दीड वर्षाहून अधिक काळ लागला, त्या काळात एकदोघांच्या जिवावरही बेतले.

वजन गेले, वस्तुमान राहिले

अंतराळात वजन नसते, तेव्हा तिथे सारेच सोपे असेल असे पुष्कळांना वाटते. पण थोडा विचार करा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. स्थानक आणि अंतराळवीर हे दोघेही पृथ्वीकडे सारखेच पडत असतात, पण त्याच वेळी सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पुढेही जात असतात. त्यामुळे ते खाली न आदळता पृथ्वीभोवती फिरत राहतात. बरोबरीने पडणाऱ्या वस्तूंना एकमेकींचा भार जाणवत नाही, इतकेच. वस्तुमान मात्र जसेच्या तसे राहते आणि वस्तुमान आहे तिथे जडत्व आहे.

आता एक छोटे गणित करू. माणूस, त्याचा अंतराळ-पोशाख आणि पाठीवरची सामग्री मिळून २०० किलोग्रॅम वस्तुमान आहे असे धरा. या माणसाने स्थानकाच्या भिंतीला २० न्यूटन बलाने एक सेकंदभर रेटा दिला. २० न्यूटन म्हणजे काही फार नव्हे. दोन किलो साखरेची पिशवी उचलायला लागते तेवढे बल. त्याला मिळणारा वेग होईल सेकंदाला १० सेंटिमीटर. गोगलगायीपेक्षा जरा बरा म्हणायचा! पण अंतराळात हवा नाही, घर्षण नाही, तेव्हा हा वेग कमी होणार नाही. एका मिनिटात तो ६ मीटर दूर जाईल. तासाभराने हेच अंतर सुमारे ३६० मीटर असेल. वाटेत हातपाय कितीही झाडले तरी उपयोग नाही, कारण पोहणाऱ्याला पाणी असते तसे मागे ढकलायला तिथे काहीच नसते. स्थानकाला तर वळून त्याचा पाठलाग करता येत नाही.

त्यात पोशाखाची अडचण निराळीच. बाहेर निर्वात पोकळी असते, म्हणून पोशाखात प्राणवायू भरून दाब राखावा लागतो. अमेरिकन पोशाखात तो आपल्या वातावरणाच्या दाबाच्या तीन-दशांशाइतका असतो. एवढ्या दाबानेही पोशाख हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा ताठ होतो. प्रत्येक वेळी मूठ वळायची म्हणजे रबरी चेंडू दाबायचा. असे सहा-सात तास करून पाहा, म्हणजे अंतराळवीराची बोटे किती दुखत असतील याची कल्पना येईल.

जेमिनीचे धडे

१८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव व्होस्खोद-२ या यानातून बाहेर पडला. अंतराळात मोकळा वावरलेला हा पहिला मानव. सुमारे पाच मीटरच्या दोराने तो यानाशी बांधलेला होता आणि बारा मिनिटे तो बाहेर होता. परत येताना पोशाख इतका फुगला की त्याला आत शिरता येईना. शेवटी त्याने झडप उघडून पोशाखातला थोडा वायू बाहेर सोडला आणि कसाबसा तो आत आला.

त्याच वर्षी ३ जूनला अमेरिकेचा एड व्हाइट जेमिनी-४ मधून बाहेर आला. त्याच्या हातात एक गंमतीदार साधन होते. दाबाखालचा प्राणवायू फवारणारे पिस्तूलच म्हणा ना! वायू एका दिशेला सुटला की माणूस उलट दिशेला सरकतो. व्हाइटला ते फार आवडले, पण त्यातला वायू काही मिनिटांतच संपला. मग दोराला हिसके देत तो इकडून तिकडे तरंगत राहिला. वीसेक मिनिटे त्याने मजेत काढली. त्याला बाहेर काही काम करायचे नव्हते, हे येथे लक्षात ठेवा. पण ते पाहून अनेकांना वाटले की यानाबाहेर वावरणे ही सोपी गोष्ट आहे.

हा समज ५ जून १९६६ रोजी पार पुसला गेला. जेमिनी-९ मधून युजीन सर्नन बाहेर पडला. यानाच्या मागच्या टोकाला एक यंत्र ठेवले होते. पाठीवर बांधून वायूच्या झोतांवर उडायचे असे ते यंत्र. सर्ननने मागे जायचे, ते पाठीवर चढवायचे आणि उडून दाखवायचे, असा बेत होता. पण मागे जाताना धरायला पुरेशी जागा नव्हती. ज्या होत्या त्या अपुऱ्या होत्या. एक झडप फिरवायला गेला की सर्ननच फिरे. एक हात आधाराला गुंतवला तर कामाला एकच हात उरे. जागच्या जागी स्थिर राहण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होऊ लागली. नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत गेले. घामाची वाफ शिरस्त्राणाच्या काचेवर आतून साचली आणि त्याला दिसेनासे झाले. काच पुसायला हात आत नेता येत नाही! त्याने नाकाचा शेंडा काचेवर घासून एक लहानसे भोक मोकळे केले आणि त्यातून पाहत तो परत फिरला. उडण्याचा बेत यानाचा मुख्य चालक टॉमस स्टॅफर्ड याने रद्द केला. रद्द केला नसता तर काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

पुढच्या दोन उड्डाणांतही तेच. जुलै १९६६ मध्ये जेमिनी-१० चा मायकेल कॉलिन्स जवळच्या अजेना या दुसऱ्या यानापर्यंत गेला, पण त्याच्या गुळगुळीत अंगावरून हात निसटला आणि तो भलतीकडे वाहत गेला. सप्टेंबरमध्ये जेमिनी-११ च्या रिचर्ड गॉर्डनने यानाच्या नाकाडावर घोड्यावर बसावे तशी मांड ठोकली आणि एक दोर बांधला. काम होईपर्यंत तो इतका दमला की ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी त्याला आत बोलवावे लागले. ही सर्व माणसे धट्टीकट्टी, कसलेली होती. दोष त्यांच्या ताकदीत नव्हता. ताकद लावायला आधार नव्हता, एवढेच.

आता जेमिनी मालिकेतले एकच उड्डाण शिल्लक होते.

सोनेरी सपाता

नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ मधून बझ ऑल्ड्रिन गेला. तो सर्ननपेक्षा बलवान होता असे नव्हे. त्याची तयारी मात्र वेगळी होती. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात यानाची प्रतिकृती बुडवून ठेवली होती. अंगाला योग्य तेवढी वजने बांधली की पोशाखातला माणूस पाण्यात बुडतही नाही आणि वरही येत नाही; मधल्या मध्ये तरंगत राहतो. अशा स्थितीत एक-एक काम, एक-एक हालचाल ऑल्ड्रिनने घोटून घेतली. चुकीचा जोर लावला तर पाण्यातही माणूस फिरतोच, त्यामुळे चुका तिथेच सापडल्या.

यानावर या वेळी ठिकठिकाणी धरायला दांडे बसवले होते. कमरेला दोन आखूड पट्टे होते. ते कडीत अडकवले की दोन्ही हात मोकळे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यानाच्या मागच्या बाजूला सोनेरी रंगाच्या दोन सपाता पक्क्या बसवल्या होत्या! ऑल्ड्रिनने त्यांत बूट सरकवले आणि त्याला जणू जमीन मिळाली. त्याने बोल्ट सोडवले आणि आवळले, विजेच्या जोडण्या केल्या, तारा कापल्या. मधून मधून दोन-दोन मिनिटे विश्रांती घेतली. १३ नोव्हेंबरला तो दोन तासांहून अधिक वेळ पूर्णपणे यानाबाहेर होता आणि त्याची नाडी शांत होती. माझ्या मते अंतराळ-संशोधनाच्या इतिहासात या सपातांइतके साधे आणि इतके उपयोगी साधन दुसरे क्वचितच असेल.

१९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेवर या धड्याची पुन्हा कसोटी लागली. तिचा सौर पंख एका धातूच्या पट्टीत अडकून उघडत नव्हता आणि विजेवाचून सारी मोहीम बुडण्याच्या बेतात होती. ७ जूनला पीट कॉनरॅड आणि जो केर्विन बाहेर गेले. केर्विनच्या हातात साडेसात मीटर लांबीच्या काठीच्या टोकाला बसवलेली कातरी होती. तिथे पायाला सपाता नव्हत्या. काठी नेम धरून लावायला जावे तर त्याचे अंगच हेलकावे खाई. बराच वेळ असा झगडल्यावर त्याने आपला दोर दुहेरी करून आखूड केला, पाय भिंतीला टेकवले आणि ताणलेल्या दोराच्या विरुद्ध सरळ उभा राहिला. दोर एका बाजूला ओढतो आणि पाय दुसऱ्या बाजूला रेटतात. झाला माणूस स्थिर! पट्टी कापली गेली, पंख एकदम सुटला आणि दोघेही फेकले गेले. दोर होते म्हणून ते परत आले.

हातांनी चालणे

आजच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बाहेरून नजर टाकली तर जागोजागी दांडेच दांडे दिसतात. एस.टी.त उभे राहून प्रवास करताना आपण वरची दांडी पकडतो ना, तसेच. हे दांडे गोल नसून चपटसर असतात, कारण जाड हातमोज्याच्या मुठीत गोल दांडा सहज फिरतो, चपटा फिरत नाही. अंतराळवीर एका दांड्यावरून दुसऱ्यावर हात टाकत पुढे सरकतात आणि पाय मागे नुसते तरंगत असतात. 'स्पेसवॉक' या शब्दात चालणे आहे खरे, पण ते चालणे हातांचे! घाई करून चालत नाही. वेग घेतला की तो मनगटानेच थांबवावा लागतो, आणि २०० किलोग्रॅम थांबवणे मनगटाला झेपेल एवढाच वेग घ्यायचा.

दोराविषयीचा नियम तर फार कडक. अमेरिकन पद्धतीत पोशाखाला एक लांब सुरक्षा-दोर असतो. तो पोलादी तारेचा असून फिरकीवर गुंडाळलेला असतो. सुताराची मोजपट्टी जशी सोडली की आपोआप आत ओढली जाते, तसा हा दोरही सैल पडत नाही. शिवाय कामाच्या जागी थांबल्यावर अडकवायला आखूड दोर वेगळा. रशियन अंतराळवीर दोन आखूड दोर वापरतात: एक पुढच्या दांड्याला अडकवायचा, मगच मागचा सोडायचा. नवा आधार मिळाल्याशिवाय जुना सोडायचा नाही, हा नियम दोन्हीकडे आहे. दोराची कडीही अशी असते की चुकून धक्का लागला तर उघडत नाही. उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात.

थोड्या वेळाचे काम असेल तर एक झकास साधन वापरतात. धातूचे मणी एका तारेत ओवले आहेत अशी कल्पना करा. तार सैल असते तेव्हा ही माळ सापासारखी हवी तशी वाकते. मूठ फिरवून तार ताणली की सगळे मणी एकमेकांवर घट्ट बसतात आणि माळेची काठी होते! तिचे एक टोक पोशाखाला आणि दुसरे दांड्याला पकडलेले असते. झाला तिसरा हात तयार.

जोराचे काम असेल तर मात्र पायच रोवावे लागतात. ऑल्ड्रिनच्या सपातांची ही नवी पिढी म्हणजे उचलून नेता येणारी एक पाटी. स्थानकाच्या अंगावर खोबणी ठेवलेल्या आहेत, त्यांत पाटीचा दांडा बसवायचा. घोड्याच्या रिकिबीत घालावे तसे बुटाचे चवडे पाटीवरच्या पट्ट्यांखाली सरकवायचे आणि टाचा वळवून अडकवायच्या. पाटी पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवता येते. कोणत्या कामाला कोणत्या खोबणीत पाटी बसवायची आणि तिचा प्रत्येक सांधा कोणत्या खुणेवर ठेवायचा, हे जमिनीवरच ठरवलेले असते.

हे सगळे लक्षात कसे राहणार? त्यासाठी अंतराळवीराच्या मनगटावर एक चिमुकली वही बांधलेली असते. तिची पाने जाड मोज्यानेही उलटता येतात. कामाचा क्रम, आणीबाणीत काय करायचे ते सारे तिच्यात असते. मनगटावर एक आरसाही असतो, बरे का! अमेरिकन पोशाखाची बटणे छातीवर असतात आणि शिरस्त्राणामुळे मान वाकवून ती दिसत नाहीत. म्हणून ती आरशात पाहायची. आरशात अक्षरे उलटी दिसतात, तेव्हा छातीवर ती मुळातच उलटी लिहिलेली असतात.

दांडे आणि खोबणी जिथे पोहोचत नाहीत तिथे यंत्रहात उपयोगी पडतो. ऑक्टोबर २००७ मध्ये स्थानकाचा एक सौर पंख उघडताना फाटला. फाटलेला भाग खूप दूर होता आणि पंखात वीज खेळत होती, म्हणून त्याला धरून चढणे शक्य नव्हते. तेव्हा स्थानकाच्या १७ मीटरहून लांब यंत्रहाताला सुमारे १५ मीटरचा आणखी एक दांडा जोडला, त्याच्या टोकाला पायाची पाटी बसवली आणि तिच्यावर स्कॉट पॅराझिन्स्की हा अंतराळवीर उभा राहिला. धातूच्या हत्यारांना विजेपासून रक्षण करणारी पट्टी गुंडाळून, त्याने तारेच्या टाक्यांनी तो पंख सांधला. इतक्या लांब दांड्याच्या टोकाला हेलकावत असतानाही पाय रोवलेले होते, म्हणून हातांना शिवणकाम जमले.

उडण्याचे स्वप्न आणि पाठीवरचा तारणहार

मग सर्ननचे ते उडण्याचे यंत्र? ते स्वप्न पुढे खरे झाले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी ब्रूस मॅकँडलेस चॅलेंजर या स्पेस शटलमधून बाहेर पडला, तो दोरावाचून! पाठीवर खुर्चीसारखे यंत्र होते, त्याला नत्रवायूचे २४ झोत. डाव्या हाताच्या मुठीने पुढे-मागे, वर-खाली सरकायचे, उजव्या हाताच्या मुठीने वळायचे. यानापासून तो सुमारे १०० मीटर दूर गेला. त्याचे ते छायाचित्र तुम्ही नक्कीच पाहिले असेल. काळ्या अवकाशात एकटा शुभ्र माणूस, खाली निळी पृथ्वी.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्ज नेल्सन हेच यंत्र चढवून एक बिघडलेला उपग्रह पकडायला गेला, तेव्हा पकडण्याचे साधन उपग्रहाला बसेना. त्याने उपग्रहाचा पंख हाताने धरून पाहिला, तर तो अधिकच गरगरू लागला. पुन्हा तोच तिसरा नियम! शेवटी तो शटलच्या यंत्रहाताने पकडला गेला. नोव्हेंबरमध्ये या यंत्राच्या मदतीने दोन उपग्रह परत आणले गेले, आणि ती त्याची अखेरची कामगिरी ठरली. १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर ते पुन्हा वापरले गेले नाही. बहुतेक कामे दोर, दांडे आणि यंत्रहात यांनीच अधिक निर्धोकपणे होतात, असे दिसून आले होते.

त्याचा धाकटा भाऊ मात्र आजही स्थानकावर अमेरिकन पोशाखाच्या पाठीशी असतो. त्याचे नाव 'सेफर'. सप्टेंबर १९९४ मध्ये मार्क ली आणि कार्ल मीड यांनी त्याची अंतराळात चाचणी घेतली. त्यालाही २४ झोत आहेत, पण नत्रवायू फक्त १.४ किलोग्रॅम. तो सारा खर्च केला तर वेगात एकंदर सेकंदाला ३ मीटर इतका बदल करता येतो. दोर तुटून अंतराळवीर गरगरत निघाला तर एक बटण दाबताच सेफर आधी त्याचे गरगरणे थांबवतो. मग त्याने स्थानक कुठे आहे ते पाहायचे आणि जपून परत यायचे. वायू थोडा असल्याने चुकीला फारशी सवड नाही. ही वेळ खरोखर आजवर कोणावरही आलेली नाही.

वस्तूंवर मात्र ती आली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये हायडमेरी स्टेफानिशिन-पायपर ही अंतराळवीर पिशवीत सांडलेले वंगण पुसत असताना हत्यारांची एक अख्खी पिशवी निसटून गेली, कारण ती दोराने अडकवलेली नव्हती. हौशी निरीक्षकांनी ती पृथ्वीवरून दुर्बिणीतून पाहिली आणि ऑगस्ट २००९ मध्ये ती वातावरणात शिरून जळून गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक पिशवी अशीच गेली.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका अंतराळवीराचा दोर सुटला आहे आणि सेफरही नाही. स्थानकापासून २० मीटरवर तो स्थिर तरंगतो आहे. हातात २ किलोग्रॅमचा पाना आहे. पाना सोडून त्याचे स्वतःचे वस्तुमान २०० किलोग्रॅम. त्याने पाना स्थानकाच्या बरोबर उलट दिशेला सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकला, तर तो स्थानकाशी किती वेळात पोहोचेल? संवेग अक्षय्यतेचा नियम वापरा. उत्तर ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद यायला हवे. उत्तर जुळले की दुसरा प्रश्न: क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा हात डोक्यावरून फिरवून त्याने पाना फेकला, तर स्थानकाकडे सरकण्याबरोबरच त्याचे आणखी काय होईल?